काशीची भिंत, बापूदेवांची मापे आणि संगणकाचा रकाना

काशीला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. दशाश्वमेध घाटावर स्नान, विश्वेश्वराचे दर्शन, जमल्यास नावेतून घाटांची फेरी आणि संध्याकाळची गंगा आरती. अहल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट ही नावे ऐकून ऊर भरून येतो. पण दशाश्वमेधापासून उत्तरेला चार पावलांवर असलेल्या मानमंदिराच्या गच्चीवर चढणारे यात्रेकरू थोडेच. आमेरच्या राजा मानसिंहाच्या नावाचा हा दगडी वाडा. त्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वेधशाळा बांधली. चुना आणि दगड यांतून उभारलेली अवजड यंत्रे तिथे अजूनही उभी आहेत. त्यांत सगळ्यांत मोठी आहे ती एक तिरपी भिंत. तिचे नाव सम्राट यंत्र.

पाहणाऱ्याला वाटते, अर्धवट राहिलेला जिना असावा. दक्षिणेकडे ठेंगणी आणि उत्तरेकडे उंच होत गेलेली ही भिंत बरोबर दक्षिणोत्तर रेषेत उभी आहे. तिची वरची तिरपी कड पृथ्वीच्या आसाला समांतर, म्हणजेच ध्रुवताऱ्याच्या दिशेने रोखलेली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दगडी चाप आहेत. त्यांवर कडेची सावली पडते आणि दिवसभर सारख्याच वेगाने सरकते. तासाला १५ अंश, म्हणजे घटकेला ६ अंश. साध्या काठीची सावली अशी शिस्तीत चालत नाही. ती सकाळी भराभर आखडते आणि दुपारी रेंगाळते. सम्राट यंत्राला शिस्त येते ती एकाच गोष्टीमुळे : भिंतीच्या चढाचा कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका असावा लागतो. दिल्ली, जयपूर आणि उज्जैन इथेही जयसिंहाने हेच यंत्र बांधले, पण प्रत्येक ठिकाणी चढ वेगळा. दिल्लीची भिंत उज्जैनच्या भिंतीपेक्षा पाच अंशांहून अधिक खडी आहे. काशीसाठी हा कोन २५ अंश आणि साधारण साडेअठरा कला, दशांशात सांगायचे तर २५.३१ अंश.

हा कोन मोजायचा कसा? भिंतीला कोनमापक लावता येत नाही. पण भिंतीची लांबी आणि दोन टोकांच्या उंची टेपने मोजल्या की बाकीचे काम त्रिकोणमिती करते आणि आता त्रिकोणमितीचे काम संगणकातली स्प्रेडशीट करते. दहावीच्या वर्गात साइन, कोसाइन, टॅन यांची कोष्टके घोकलेल्या आईवडिलांना हे फार सोपे वाटेल. तसे ते सोपे आहेच, पण त्यात दोन खड्डे आहेत आणि दुसरा खड्डा तर खुद्द मानमंदिराच्या गच्चीवरच सापडतो.

पुण्याचे पंडित

या भिंतीची मापे नोंदवून ठेवणारा एक विद्वान मराठीच होता, ही आपल्याकडे फारशी न सांगितली जाणारी गोष्ट. बापूदेव शास्त्री यांचा जन्म १ नोव्हेंबर १८२१ रोजी पुण्यात झाला. मूळ नाव नृसिंह, आडनाव परांजपे. नागपुरात त्यांनी भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित यांचा अभ्यास केला. तिथे त्यांची हुशारी लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेत भरली आणि त्याने त्यांना सीहोरच्या पाठशाळेत नेले. पुढे १८४२ च्या सुमारास ते काशीच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवू लागले. हेच महाविद्यालय आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय म्हणून ओळखले जाते. तिथे त्यांनी भास्कराचार्यांची परंपरा आणि युरोपातून आलेले नवे गणित या दोन्हींचे पाठ दिले, सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर केले (ते १८६१ मध्ये छापले गेले) आणि १८८७ मध्ये त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली.

बापूदेवांनी मानमंदिरातील यंत्रांचे वर्णन लिहिले. एम. ए. शेरिंग या मिशनरी लेखकाने १८६८ मध्ये काशीवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हे वर्णन आहे. त्यातली सम्राट यंत्राची मापे अशी : भिंतीची लांबी ३६ फूट, रुंदी साडेचार फूट, एका टोकाची उंची ६ फूट सव्वाचार इंच आणि दुसऱ्या टोकाची २२ फूट साडेतीन इंच. तिरक्या कडेचा कोन किती भरतो, ते मात्र तिथे दिलेले नाही. म्हणजे उदाहरण तयार आहे आणि उत्तर वाचकाने काढायचे आहे!

रकान्यात उतरवताना

स्प्रेडशीट म्हणजे उभ्या-आडव्या रकान्यांचा तक्ता. किराणा, दूध आणि शाळेची फी यांचा हिशेब अनेक घरांत तिच्यावरच होतो. एक्सेल असो, लिब्रेऑफिसचा कॅल्क असो की गूगल शीट्स, पुढची कृती तिन्हींत सारखीच आहे. प्रथम फूट-इंचांचे निव्वळ इंच करून घ्यावेत, कारण ६ फूट सव्वाचार इंच हे ६.४२५ असे लिहिण्याची चूक शहाणी माणसेही करतात. एका फुटाला बारा इंच, म्हणून उंच टोक २६७.५ इंच, ठेंगणे टोक ७६.२५ इंच आणि लांबी ४३२ इंच. दोन उंचींची वजाबाकी १९१.२५ इंच. एवढी भिंत चढली.

चढ भागिले लांबी म्हणजे टॅन हे शाळेत शिकलेले असते. टॅन माहीत असून कोन हवा असेल तर उलटे जायचे. त्यासाठी स्प्रेडशीटमध्ये एटॅन नावाचे सूत्र आहे. रकान्यात बरोबरचे चिन्ह टाकून इंग्रजी ए-टी-ए-एन ही अक्षरे आणि पुढे कंसात १९१.२५ भागिले ४३२ असे लिहायचे. एंटर दाबले की उत्तर येते ०.४१६८.

अर्ध्या अंशाच्या जवळपासची भिंत? ती तर आडवीच झाली! हा पहिला खड्डा. संगणकाने दिलेले उत्तर अंशांत नसून रेडियनमध्ये आहे. वर्तुळाच्या त्रिज्येएवढा दोरा परिघावर वाकवून ठेवला, तर तो केंद्रापाशी जेवढा कोन करील तो एक रेडियन, म्हणजे सुमारे ५७.३ अंश. संगणकाची सगळी त्रिकोणमिती याच मापात चालते. म्हणून साइनच्या सूत्रात नुसते ३० लिहिले तर अर्धा हे उत्तर येत नाही, उणे ०.९८८ येते. यंत्राने ते ३० रेडियन धरलेले असतात. त्यावर उपाय म्हणजे डिग्रीज आणि रेडियन्स ही दोन सूत्रे. कोन बाहेर काढायचा असेल तर सगळ्याला डिग्रीजच्या कंसात घालायचे आणि कोन आत द्यायचा असेल तर आधी रेडियन्सच्या कंसात.

हे माप परकीय आणि विक्षिप्त वाटते खरे, पण काशीच्या पंडितांना ते अनोळखी वाटले नसते. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये ज्यांचे, म्हणजे आजच्या भाषेत साइनचे, कोष्टक दिले. त्यातली त्रिज्या ३४३८ धरली जाते. हा आकडा कुठून आला? पूर्ण वर्तुळाच्या २१,६०० कला असतात. परिघ कलांत मोजला तर त्रिज्या किती कलांची येईल, याचे उत्तर ३४३८. एका रेडियनमध्ये ३४३७.७५ कला असतात! नाव नव्हते, पण कल्पना तीच. ३० अंशांची ज्या आर्यभटाच्या मापात १७१९ येते, म्हणजे ३४३८ च्या बरोबर अर्धी. साइन हा शब्दही मुळात आपलाच. ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी तो शब्द जीब असा उचलला, पुढे कोणी तो जैब असा वाचला, त्याचा अर्थ झाला वस्त्राची घडी किंवा खिसा आणि लॅटिन भाषांतरकारांनी त्या अर्थाचा सायनस हा शब्द घातला. दोरीचा खिसा झाला आणि तोच खिसा आता प्रत्येक संगणकात बसला आहे.

कोन तर निघाला, पण कुठला?

डिग्रीजचा कंस घातल्यावर रकान्यात आकडा उमटतो : २३.८८ अंश. काशीचा अक्षांश आहे २५.३१. जवळजवळ दीड अंशाचा फरक. भूगोलाच्या भाषेत सांगायचे तर काशीच्या दक्षिणेला सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे गंगेचे मैदान सोडून थेट झारखंडातल्या डाल्टनगंजच्या अक्षांशाच्या आसपास. जयसिंहाच्या कारागिरांनी एवढा घोळ घातला असेल?

इथे दुसरा खड्डा लागतो आणि तो संगणकाचा नाही, माणसाचा आहे. ‘भिंतीची लांबी ३६ फूट’ म्हणजे कोणती लांबी? जमिनीवरून टेप धरून मोजलेली, की वरच्या तिरप्या कडेवरून? जमिनीवरची असेल तर ती त्रिकोणाचा पाया आणि सूत्र एटॅन. तिरप्या कडेची असेल तर ती कर्ण. मग टॅन चालत नाही, साइन लागते आणि सूत्र होते एसिन, इंग्रजीत ए-एस-आय-एन. तेच दोन आकडे एसिनमध्ये घातले की कोन येतो २६.२८ अंश. आता भिंत काशीहून शंभरेक किलोमीटर उत्तरेला सरकली, आझमगढच्याही पलीकडे!

एक उत्तर कमी आणि एक जास्त. खरा कोन दोन्हींच्या मधोमध. उलट बाजूने हिशेब करून पाहिला तर चित्र अधिक स्पष्ट होते. १९१.२५ इंच चढ आणि २५.३१ अंश कोन असेल, तर पाया ३३ फूट ८ इंच हवा आणि कर्ण ३७ फूट ३ इंच. बापूदेवांचे ३६ फूट या दोहोंत कुठेच नेमके बसत नाहीत. उंचीची मापे पाव इंचापर्यंत दिलेली आहेत आणि लांबी मात्र पूर्ण फुटांत. वर्णन लिहिताना वाचकाला यंत्राचा आकार कळावा एवढाच हेतू असेल तर हे साहजिक आहे. लांबीच्या मापात भिंतीच्या टोकाचा एखादा सपाट भाग धरला गेला, तरी हिशेब फुटाने हलतो.

दुसरीही एक जागा तपासण्यासारखी आहे. उंची मोजली ती जमिनीपासून. पण दोन टोकांची जमीन एकाच पातळीत असेलच असे नाही. ३६ फूट हा पाया धरला, तर बरोबर कोनासाठी चढ १७ फुटांचा हवा. मापांतून तो १५ फूट सव्वाअकरा इंच निघतो, म्हणजे १३ इंच कमी. उंचीतली एका इंचाची चूक या भिंतीवर कोनात साडेसहा कलांची चूक करते. गवंडी आजही चौथरा घालण्याआधी पाण्याची नळी धरून पातळी पाहतात. ती दोन टोकांना धरली असती तर या तेरा इंचांचा निकाल पाच मिनिटांत लागला असता.

रकान्यात उत्तर २३.८७९४ असे चार दशांश स्थळांपर्यंत येते आणि तेच फसवते. चार स्थळे पाहिली की पाहणाऱ्याचा विश्वास बसतो. पण संगणकाला भागाकार येतो, टेप कुठे धरला होता ते कळत नाही. एटॅन लिहायचे की एसिन, हा निर्णय टेप धरणाऱ्यानेच कागदावर लिहून ठेवायला हवा. मापाच्या शेजारच्या रकान्यात ‘जमिनीवरून’ किंवा ‘कडेवरून’ एवढा एक शब्द टाकला तरी पुरे. एकोणिसाव्या शतकातील त्या वर्णनात तेवढा एक शब्द असता, तर अर्धा गोंधळ आपोआप मिटला असता. (एटॅन२ असेही एक सूत्र आहे. त्यात पाया आणि चढ स्वल्पविराम देऊन वेगवेगळे लिहितात आणि स्प्रेडशीटमध्ये पाया आधी लिहायचा असतो. दिशा मोजायला ते उपयोगी, चढासाठी एटॅन पुरते.)

अंगणातले सम्राट यंत्र

टेपवर भरवसा नसेल तर सूर्यावर ठेवता येतो. विषुवदिनी, म्हणजे २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या तारखांच्या सुमारास, माध्यान्हीच्या सूर्याचे डोक्यावरच्या बिंदूपासूनचे अंतर गावाच्या अक्षांशाइतकेच असते. गच्चीवर एक मीटरची सरळ काठी ओळंबा धरून उभी केली आणि तिची सर्वांत आखूड सावली मोजली, की सावली भागिले काठी, त्याचे एटॅन, त्यावर डिग्रीज आणि गावाचा अक्षांश हातात! काशीत ही सावली ४७.३ सेंटिमीटर भरते, नागपुरात ३८.७, पुण्यात ३३.५ आणि कोल्हापुरात अगदी ३०. इथे काठी आणि सावली यांच्यात काटकोन आहे हे डोळ्यांना दिसते, त्यामुळे पाया की कर्ण हा प्रश्नच उरत नाही.

आपले जुने ज्योतिषी हेच करीत. बारा अंगुळे उंच शंकूची विषुवदिनी माध्यान्ही पडणारी सावली म्हणजे पलभा. पंचांगाच्या गणितात गावाचा अक्षांश देण्याऐवजी पलभा देण्याची पद्धत होती. पुण्याची पलभा गणिताने चार अंगुळे येते, काशीची पाच अंगुळे आणि चाळीस व्यंगुळे. म्हणजे टॅनची किंमतच, फक्त बाराने गुणलेली.

घरातल्या मुलांना हा प्रयोग करायचा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. माध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. भारताचे घड्याळ ८२॥ अंश रेखांशावर लावलेले आहे. काशी त्याच्या अगदी जवळ, म्हणून तिथे रेखांशामुळे जेमतेम दोन मिनिटांचा फरक पडतो. पुण्यात तो पस्तीस मिनिटांचा आहे आणि मार्चमध्ये सूर्याच्या चालीमुळे आणखी सातेक मिनिटांची भर पडते. म्हणून पुण्यात सव्वाबारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपावे आणि सगळ्यांत आखूड रेषा घ्यावी. दुसरी गोष्ट, सावलीचे टोक नेहमी थोडे पुसट असते. पुण्यात एका सेंटिमीटरची चूक कोनात अर्ध्या अंशाची, म्हणजे नकाशावर पन्नास-पंचावन्न किलोमीटरची चूक होते. मुलाचे उत्तर १८.२ आले तर त्याला शाबासकीच द्यावी.

उतार आणि गच्ची

घरी आजी-आजोबांसाठी चाकाच्या खुर्चीचा उतार बांधायचा असेल, तर प्रमाण एकास बारा धरतात. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच चढ, त्याला १८ फूट लांब उतार. इथे लांबी जमिनीवरची आहे, म्हणून एटॅन, आणि कोन ४.७६ अंश. हा उतार पायरीपुढच्या मोकळ्या जागेत मावत नसेल, तर तो दोन तुकड्यांत वळवून बांधावा. चढ वाढवून जागा वाचवली की खुर्ची ढकलणाऱ्याचे हात भरून येतात.

गच्चीवरच्या सौर पॅनेलचा मामला उलटा. वर्षभराचा विचार केला तर पॅनेलचा उतार साधारण गावाच्या अक्षांशाइतका ठेवतात, सम्राट यंत्राच्या भिंतीसारखाच, फक्त तोंड दक्षिणेकडे. पॅनेलची लांबी ही तिरपी लांबी, म्हणजे कर्ण. कोन ठाऊक आहे, मागची बाजू किती उचलायची ते हवे. म्हणून लांबी गुणिले साइन आणि साइनच्या कंसात रेडियन्स. दोन मीटर लांबीच्या पॅनेलला पुण्यात, १८.५२ अंशांसाठी, ६३.५ सेंटिमीटर उचल लागते. रेडियन्स लिहायला विसरले तर याच रकान्यात उणे ६४.७ येते. योगायोगाने आकडा खऱ्या उत्तराच्या इतका जवळ, की उणे चिन्ह खोडून तो तसाच वेल्डरला सांगितला जाण्याची शक्यता फार. तेच चुकीचे सूत्र काशीच्या २५.३१ अंशांना लावले तर ३५.३ सेंटिमीटर दाखवते, उणे चिन्हाशिवाय आणि अगदी साळसूदपणे. तिथे खरी उचल ८५.५ सेंटिमीटरची आहे.